सात मालिका चालू असू द्या, उघडे खंड मात्र दोनच

गोव्यातल्या फोंड्याच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: सात मालिका एकाच वेळी चालू आहेत. दोन जाडजूड इंग्रजी फँटसी, एक मराठी ऐतिहासिक, तीन रहस्यकथांच्या आणि एक कानाने ऐकायची. नवा भाग हाती आला की मागचे धड आठवत नाही, आणि एका गोष्टीतली माणसे दुसरीत शिरतात. दर वेळी पहिल्या भागापासून वाचावे, की एक मालिका पुरी होईपर्यंत दुसरीला हातच लावू नये?

दोन्ही नको. सात मालिका म्हणजे काही फार नव्हेत. चूक मोजण्यात आहे. तुम्ही मालिका मोजता आहात, मोजायचे असतात ते उघडे खंड. दुसरा भाग संपवून तिसऱ्याची वाट पाहत थांबलेली मालिका डोक्याला भार देत नाही. खूण घालून अर्ध्यावर ठेवलेले पुस्तक देते. मालिका सात असोत की बारा, एका वेळी उघडे खंड दोनच.

दोनच का, याचा हिशेब सोपा आहे. नोकरी, घर सांभाळून दिवसाला पाऊण तास मिळतो असे धरू. डेमी (म्हणजे नेहमीच्या) आकाराच्या मराठी कादंबरीच्या पानावर पावणेतीनशे-तीनशे शब्द असतात. मिनिटाला दीडशे-पावणेदोनशे शब्द या निवांत गतीने पाऊण तासात साधारण २५ पाने होतात. म्हणजे ३५० पानांचा खंड दोन आठवड्यांत संपतो. असे चार खंड एकदम उघडले तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज सहा पाने येतात आणि चारही पुस्तके दोन-दोन महिने रेंगाळतात. पहिल्या प्रकरणात सहज येऊन गेलेल्या पत्राचा उलगडा शेवटच्या प्रकरणात होतो, तेव्हा ते पत्र वाचून आठ आठवडे झालेले असतात. लेखकाने नीट पेरलेले असते, पण आपण ते जपून ठेवलेले नसते. एक खंड चार आठवड्यांहून जास्त उघडा राहू नये, ही मर्यादा धरली की २८ दिवस गुणिले २५ म्हणजे ७०० पाने, अर्थात मध्यम जाडीचे दोन खंड. आठशे पानी इंग्रजी फँटसी हाती असेल तर ती एकटीच महिना-सव्वा महिना खाते. तेव्हा दुसरा खंड उघडूच नका, फार तर सुट्या कथांचा एखादा संग्रह सोबत ठेवा. सुटी कथा एका बैठकीत मिटते, म्हणून ती या मोजणीत धरत नाही.

हे दोन खंड शक्य तितके वेगळ्या घरचे असावेत. माणसे मिसळतात ती स्मरण कच्चे असल्यामुळे नव्हे, दोन्ही पुस्तके एकाच रंगाची असल्यामुळे. दोन्हीकडे गादीवरून हटवलेला राजपुत्र, दोन्हीकडे विश्वासघातकी मामा, म्हटल्यावर कोणाचा मामा कोणता हे चौथ्या दिवशी सांगता येणार नाही. काळ, प्रदेश आणि निवेदन या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टी वेगळ्या हव्यात. एक शिवकालीन, तृतीयपुरुषी निवेदनाची कादंबरी आणि दुसरी आजच्या शहरातली, ‘मी’च्या तोंडची रहस्यकथा, ही जोडी चालते. दोन फँटसी मात्र कधीच एकत्र नकोत, एक मिटल्यावरच दुसरी. गोव्यातल्या वाचकाला एक सोय आयती मिळालेली आहे, ती म्हणजे भाषा. एक खंड मराठीत आणि एक इंग्रजीत किंवा कोकणीत ठेवला की नावे, बोलण्याची ढब, शिव्यासुद्धा आपोआप वेगळ्या कप्प्यांत पडतात.

ऐकायची मालिका वेगळी धरावी. साडेतीनशे पानांची मराठी कादंबरी ऐकायला अकरा-बारा तास लागतात. मडगाव-पणजी शटल बसने रोज ये-जा करणाऱ्याचे पाच-सहा दिवसांत ते ऐकून होते, म्हणून वेळेचा प्रश्न नाही. प्रश्न निराळाच आहे. ऐकताना मागचे पान उलटता येत नाही आणि उतरायची घाई झाली की नेमका महत्त्वाचा संवाद निसटतो. त्यामुळे अनेक घराण्यांची, वंशावळींची मालिका कानाने घेऊ नये. एकच नायक आणि दर भागात नवे प्रकरण असलेली रहस्यकथा कानाला सोसते. स्टोरीटेलसारख्या ॲपवर २०१७ पासून मराठी पुस्तके ऐकायला मिळतात. तिथे गती सव्वापटीच्या पुढे नेली की ओळखीच्या पात्रांचे ठीक चालते, पण नव्या भागातली नवी नावे पकडता येत नाहीत. पहिला तास तरी साध्या गतीने ऐका.

आता मालिकेची जात ओळखायची. प्रत्येक जातीला वेगळी राखण लागते, आणि सगळ्यांना एकच शिस्त लावणारे कंटाळून सगळेच सोडून देतात.

सगळ्यात सोपी जात म्हणजे नायक तोच, गोष्ट दर वेळी नवी. भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’ची वीस पुस्तके कुठल्याही क्रमाने वाचा, बिघडत नाही. असल्या मालिकेसाठी काही लिहून ठेवायची गरज नाही. दोन जड खंडांच्या मध्ये तोंडाची चव बदलायला ती उत्तम.

फसवी जात तिच्या शेजारीच बसलेली असते. प्रकरण त्याच पुस्तकात सुटते, पण इन्स्पेक्टरचा घटस्फोट, सहकाऱ्याचा मृत्यू, जुन्या गुन्हेगाराचा धागा हे भागामागून भाग पुढे सरकत असते. इथे सातवा भाग चौथ्याच्या आधी वाचला तर चौथ्याचा गुन्हेगार फुकटात कळतो. ओळखायची खूण: पहिल्या पंचवीस पानांत कोणी मागच्या प्रकरणाचे नाव घेते का, किंवा नायक आधीची दुखापत वागवतो आहे का, ते बघा. तसे असेल तर क्रम पाळा आणि भाग संपल्यावर नायकाच्या खाजगी आयुष्याबद्दल तीनच ओळी लिहा. प्रकरणाबद्दल काहीही लिहू नका, ते संपले.

भालचंद्र नेमाड्यांचे चांगदेव चतुष्टय, म्हणजे ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’, एकाच माणसाच्या आयुष्याचे आहे. ते क्रमाने वाचावे, पण सोबत न्यावे लागणारे ओझे हलके असते. मध्ये सहा महिने गेले तरी धागा सापडतो. सुरुवातीला ‘कोसला’ या मालिकेत धरू नका, ती वेगळी कादंबरी आहे आणि तिचा नायकही वेगळा.

खरी मेहनत घेते ती सलग जात. एकच कथा पाच, दहा, चौदा खंडांत पसरलेली. या जातीसाठी कार्ड लागते, आणि तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या कार्डात आहे.

पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या. खंड संपला त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, दुसरे कुठलेही पुस्तक उघडण्याच्या आत, त्यावर दीडशे शब्द लिहा. पंधरा मिनिटे लागतात. ‘उद्या निवांत लिहीन’ म्हटले की तीन दिवस जातात, तोवर दुसरे पुस्तक सुरू झालेले असते आणि हाताशी राहतात फक्त मोठमोठे प्रसंग. मोठे प्रसंग कोणीच विसरत नाही. विसरतात ते बारीक दुवे.

बहुतेकांची कार्डे फसतात ती याचसाठी: ते कथासार लिहितात. युद्ध झाले, राजा पडला, राणी पळाली. हे कुठेही मिळते, मलपृष्ठावरसुद्धा. कार्डावर सगळ्यात वर लिहायचे ते म्हणजे कोणाला काय ठाऊक आहे आणि कोणाला नाही. लांब मालिकेतला ताण नेमका यावर उभा असतो आणि आठवणीतून सगळ्यात आधी पुसले जाते तेही हेच, कारण वाचकाला सगळेच ठाऊक असते आणि काही महिन्यांनी पात्रांनाही ते ठाऊक असल्यासारखे वाटू लागते. त्याखाली कोण कुठे आहे. मग न सुटलेले प्रश्न, जास्तीत जास्त पाच. दिलेली वचने, देणी, हरवलेल्या वस्तू. कथेतला काळ, म्हणजे ऋतू किंवा साल. आणि शेवटचा प्रसंग एका वाक्यात. एका काल्पनिक मालिकेचे कार्ड असे दिसेल:

‘खंड २ संपला. आषाढ, नदीला पूर, शेवटची होडी गेली. विठू जिवंत, पण हे फक्त पुजाऱ्याला ठाऊक. बायको त्याला मेलेला समजते, तिने कपाळाचे कुंकू पुसलेले नाही म्हणून गावात कुजबूज. देसायाला दस्तऐवज खोटा आहे हे कळले आहे, कारकुनाला ते कळल्याचे माहीत नाही. कट्यार विहिरीत. रघूने मुलाला परत आणीन म्हणून शब्द दिला आहे. प्रश्न: पत्र कोणी फाडले? दुसरा घोडेस्वार कोण? शेवट: बायको दार लावते, आत दिवा आधीच लागलेला.’

एवढे पुरते. यात एकही प्रसंग ‘सांगितलेला’ नाही, तरी दीड वर्षाने वाचले तर पुस्तक पुन्हा उभे राहते. पुस्तक स्वतःचे असेल तर कार्ड शेवटच्या कव्हराच्या आत. ग्रंथालयाचे असेल तर वेगळ्या डब्यात, मालिकेच्या नावाने अकारविल्हे. शाई नको, पेन्सिल बरी. आपल्याकडे जूनपासून कपाटातले कागद ओल धरतात आणि जेलपेनाची शाई पसरते. चिकट रंगीत चिठ्ठ्याही पानांत ठेवू नका. दमट हवेत गोंद पानावर उतरतो आणि ओढताना छपाई घेऊन येतो. साध्या कागदाची पट्टी घाला.

खंड मध्येच सोडावा लागला तर कुठे सोडता याला महत्त्व आहे. प्रकरणाचा शेवट ही वाईट जागा, कारण तिथे लेखकाने मुद्दाम दार आपटलेले असते आणि पुढचे प्रकरण भलत्याच ठिकाणी सुरू होते. पुढच्या प्रकरणाची दोन पाने वाचून थांबा, म्हणजे परतल्यावर पाय टेकायला जमीन असते. पन्नास पानांच्या आत सोडला असेल तर परतताना पहिल्यापासून वाचा, टिपण करत बसू नका. दोन-तृतीयांश पार केले असेल तर सोडूच नका, इतर सगळे बाजूला ठेवून संपवा. मधल्या पट्ट्यात सोडल्यासच अर्धे कार्ड लिहायचे.

आता मुख्य शंका: नवा भाग आल्यावर मागचे सगळे पुन्हा वाचावे का? पायऱ्यांनी जा. आधी कार्ड, पाच मिनिटे. मग मागच्या खंडाची शेवटची दोन प्रकरणे, तीस-चाळीस पाने. मग नवा खंड सुरू. पहिली पन्नास पाने वाचेपर्यंत थोडे अंधारात चालावे लागते, ते चालू द्या. कुशल लेखक त्या पन्नास पानांत मागचे बरेचसे हळूच आठवून देतो, आणि हे न कळल्याने पुष्कळ जण विसाव्या पानावरच हार मानतात. पन्नासनंतरही कोण कोणाचे कळत नसेल, तर मागच्या खंडाच्या प्रत्येक प्रकरणाचे पहिले आणि शेवटचे पान वाचा. चाळीस प्रकरणांचा खंड असेल तर ऐंशी पाने, म्हणजे तीन-चार दिवसांचे काम. पूर्ण पुनर्वाचन ही शेवटची पायरी आहे. नऊशे पानांचे पाच खंड म्हणजे साडेचार हजार पाने, रोज २५ च्या गतीने १८० दिवस. अर्धे वर्ष जाते आणि तेवढ्यात बाकीच्या सहा मालिका विस्मरणात जातात. पुनर्वाचन आनंदासाठी करावे, ते वेगळे. उजळणी म्हणून परवडत नाही.

मागचा म्हणजे नेमका कोणता खंड, हेही तपासावे लागते. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’चा तिसरा खंड २००० साली आला, चौथा २००५ मध्ये आणि पाचवा २०११ मध्ये. चौथा आणि पाचवा बऱ्याच अंशी एकाच काळात घडतात, पात्रे मात्र प्रदेशानुसार वाटून दिलेली. त्यामुळे पाचवा उघडताना चौथ्याची शेवटची प्रकरणे वाचून फारसा उपयोग नाही. त्यातली बरीच माणसे तिसऱ्या खंडात शेवटची भेटलेली असतात, तेव्हा कार्ड हवे ते तिसऱ्याचे. अमीश यांच्या रामचंद्र मालिकेत उलटा प्रकार आहे. पहिले तीन भाग राम, सीता आणि रावण यांच्या बाजूने समांतर चालतात आणि चौथ्यात (२०२२) एकत्र येतात. असे समांतर भाग लागोपाठ वाचले तर तेच प्रसंग पुन्हा आल्याचा शीण येतो. इथे मध्ये दोन-तीन महिने जाऊ देणेच बरे, आणि कार्डावर प्रसंगांऐवजी कालरेषा काढावी.

रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये वारले, तेव्हा ‘द व्हील ऑफ टाइम’ अपुरी होती. चौदापैकी शेवटचे तीन खंड ब्रँडन सँडरसन यांनी २००९ ते २०१३ दरम्यान पुरे केले. अकरावा संपवून लगेच बारावा घेतला की हात बदललेला खटकत राहतो. मध्ये दुसऱ्या मालिकेचा एक खंड घातला तर तितका जाणवत नाही.

आठवण ताजी करायला इंटरनेटवरची पात्रसूची बघू नका. तिथली माहिती नेहमी ताज्यात ताज्या भागापर्यंतची असते, आणि पात्राच्या पानाची पहिली ओळच त्याच्या मरणाची वार्ता देते. शोधपेटीत नाव टाकताच पुढे ‘कोणी मारले’ असे उगवते. ई-पुस्तक असेल तर त्यातच नाव शोधा, पात्र पहिल्यांदा कुठे आले ते पान मिळते. मराठीत मात्र पूर्ण नाव टाकू नका, कारण विभक्तीने रूप बदलते. ‘शारदा’ शोधाल तर ‘शारदेला’, ‘शारदेने’ सापडणार नाही. ‘शारद’ एवढेच टाका. ॲप पूर्ण शब्दच जुळवणारे असेल तर दोन-तीन रूपे वेगवेगळी टाकून बघावी लागतात.

अनुवादित मालिकांत आणखी एक गुंता असतो. दोन भागांचे अनुवादक वेगळे असले की नावांचे लेखन बदलते आणि एकच माणूस दोन वाटतो. पुष्कळदा कण्यावर भाग क्रमांकही नसतो आणि मराठी शीर्षकावरून क्रम लागत नाही. आतले प्रकाशनाचे पान उघडा, मूळ पुस्तकाचे नाव आणि मूळ प्रकाशनवर्ष तिथे बहुधा सापडते. त्यावरून क्रम लावा. पहिले दोन भाग मराठीत वाचून तिसरा इंग्रजीतच मिळणार असेल, तर कार्डाच्या मागे नावांच्या जोड्या लिहून ठेवा, इकडचे लेखन आणि तिकडचे.

सुरुवात करण्यापूर्वी मधला खंड मिळतो का ते पाहा. पहिला आणि शेवटचा कुठेही दिसतात, गायब असतो तो मधला. पुष्कळ मराठी पुस्तकांची आवृत्ती हजार-अकराशे प्रतींच्या आसपास असते. पहिला भाग पुन्हा छापला जातो, दुसऱ्याची आवृत्ती संपून पडते. पणजीत पाटोवरचे कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासूनची परंपरा सांगते, तिथे किंवा तुमच्या तालुक्याच्या ग्रंथालयात आधी मधल्या खंडाची चौकशी करा, मगच पहिला घरी न्या. अनुवाद कधी मूळ लेखकाच्या तर कधी अनुवादकाच्या नावाखाली लावलेला असतो, म्हणून दोन्ही नावे सांगा. ग्रंथालयाच्या पुस्तकाचा मान नेहमी पहिला. पंधरवड्याची मुदत आणि रोजची २५ पाने यांचा मेळ ३५० पानांवर बसतो, त्याहून जाड असेल तर मुदत वाढवून मिळेल का हे नेतानाच विचारा. स्वतःचे पुस्तक थांबू शकते.

सगळ्या मालिकांची नोंद वहीच्या एकाच पानावर हवी. मालिका, शेवटचा वाचलेला भाग, तो संपल्याची तारीख, पुढचा कुठे मिळेल. ॲपवर ठेवायलाही हरकत नाही, पण गुडरीड्ससारख्या ठिकाणी बऱ्याच मराठी पुस्तकांना मालिकेचा क्रमांक जोडलेलाच नसतो, तेव्हा वही बरी. दैनिकाच्या रविवार पुरवणीतली क्रमशः कादंबरीही या पानावर येते. ती दर आठवड्याला वाचण्यापेक्षा चार भाग साठवून एकदम वाचावी. कात्रणे खळीने चिकटवू नका, पावसाळ्यात बुरशी आणि कसर खळीवरच धरते. क्लिपच्या फायलीत ठेवा.

वर्षाची आखणी आपल्याकडे पावसावर बेतावी. जून ते ऑगस्ट संध्याकाळी बाहेर जाणे कमी, तेव्हा सगळ्यात जाड, सलग खंड याच दिवसांत घ्या. वीज जाते म्हणून तो कागदावरचा असावा किंवा रीडर चार्ज करून ठेवावा. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीच्या आठवड्यात नवा खंड उघडू नये. माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या मांडवाचे) सामान, पाहुणे, आरत्या यांत दहा दिवस सहज जातात आणि पहिली पन्नास पाने वाया. हाती असलेला खंड मिटून कार्ड लिहून मोकळे व्हा. पुढे दिवाळी अंकांचे दिवस, त्यात सुट्या कथाच भरपूर, तेव्हा एकच उघडा खंड ठेवा. जत्रांच्या दिवसांत रात्री नाटकाला जाणारे असाल तर तोही नको, रहस्यकथा पुरे.

मालिका सोडायची तर खंडाच्या शेवटी ठरवा, मध्ये नाही. मधल्या खंडाचा मधला भाग जवळजवळ प्रत्येक मालिकेत मंद असतो आणि तिथला कंटाळा विश्वासार्ह नसतो. कार्ड लिहायला बसल्यावर ‘न सुटलेले प्रश्न’ या ओळीत काही सुचलेच नाही, किंवा सुचले पण उत्तर जाणून घ्यावेसे वाटले नाही, तर वहीत त्या नावापुढे फुली मारा.

तुमच्या सात मालिकांबाबत आज करायचे ते एवढेच: खुणा घातलेली सगळी पुस्तके टेबलावर मांडा. दोन-तृतीयांश पार केलेले पहिले उचला. पन्नास पानांच्या आतल्या पुस्तकांतल्या खुणा काढून ती परत कपाटात ठेवा. मधल्यांची अर्धी कार्डे आज रात्री लिहा, जेवढे आठवेल तेवढेच, पुस्तक न चाळता.